अंगठा कुणाचा आणि पैसा कुणाच्या खात्यात?

३० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये पंतप्रधानांनी एका मोबाईल अ‍ॅपचे उद्घाटन केले आणि त्याला 'भीम' हे नाव बाबासाहेबांवरून दिल्याचे सांगितले. नोटाबंदीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढे १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात त्याला आधारची जोड देऊन, नुसत्या अंगठ्यावर पैसे चुकते करण्याची सोय जाहीर झाली. १९२३ साली 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव रुपयाच्या व्यवहाराला मिळाले, याचा आनंद भुसावळच्या आमच्या वस्तीतही झाला. तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र नावाचा आनंद झाल्यावर हिशेबही मागितला पाहिजे.

ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे व्यवहार दोन हजार कोटींच्या पुढे गेले. यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार दोनच अ‍ॅपवरून झाले. एक वॉलमार्टच्या मालकीचे फोनपे, दुसरे गुगलचे. एका अ‍ॅपकडे तीस टक्क्यांहून अधिक वाटा नको, हा नियम राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने केला खरा, पण त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेली. बाबासाहेबांच्या नावाच्या अ‍ॅपचा वाटा यात नगण्य आहे. नाव आमचे, दुकान दुसऱ्याचे, ही या देशातील जुनीच रीत आहे.

आमचे तरुण कार्यकर्ते यावर आम्हाला अडवतात. ते म्हणतात, वकीलसाहेब, बँकेच्या खिडकीवरचा बाबू आडनाव वाचून कपाळाला आठ्या घालायचा, यंत्र तसे करत नाही. हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. शिष्यवृत्तीचा धनादेश आणायला आम्ही स्वतः विद्यार्थीदशेत तीन-तीन दिवस उभे राहिलो आहोत. ठेकेदाराचा मुकादम मजुरीतून कापून घ्यायचा, ते खात्यात थेट पैसे आल्याने पुष्कळ कमी झाले. स्टेशनबाहेर केळी विकणाऱ्या बाईच्या गाडीवर आज चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकतो आणि तिचा पैसा तिच्याच खात्यात जातो. हा बदल लहान नाही. पण खिडकीवरच्या बाबूशी निदान भांडता येत होते. आमच्या जिल्ह्याने बुडालेल्या पतसंस्थाही पाहिल्या. तेव्हा ठेवीदार पतसंस्थेच्या दारात ठाण मांडून बसले होते. आता ठाण मांडायचे कुणाच्या दारात?

आधारचा प्रारंभ आमच्या खानदेशातून झाला, हे विसरता येणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिली आधार कार्डे वाटली गेली. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला. त्यात बँक खात्याला आणि सिमकार्डाला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, परंतु कलम ७ खाली सरकारी अनुदान व लाभासाठीची सक्ती कायम राहिली. वास्तविक पाहता याचा अर्थ सरळ आहे. ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आहे त्याला निवड आहे. ज्याचा पैसा सरकारकडून यायचा आहे त्याला निवड नाही. शिष्यवृत्तीचा विद्यार्थी, निराधार योजनेतील म्हातारी, लाडकी बहीण योजनेतील पंधराशे रुपयांची वाट पाहणारी बाई, यांनीच अंगठा द्यायचा. लाडक्या बहिणींना तर २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्या बायकांनी काय करावे, हा प्रश्न नियम काढणाऱ्यांना आधी सुचला नाही.

यातली एक बाब आमच्या लोकांना कुणी समजावून सांगत नाही. सरकारी पैसा तुमच्या अर्जात लिहिलेल्या खात्यात जातोच असे नाही. आधार क्रमांकाला पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत जी बँक शेवटी जोडली गेली, तिथे तो जातो. दुसरे खाते उघडताना कुणी नकळत संमतीची खूण करून घेतली, की पैशाची वाट बदलली. २०१७ मध्ये नेमके हेच देशभर घडले. एअरटेलच्या ग्राहकांनी सिमसाठी आधार पडताळणी करून दिली आणि स्पष्ट संमतीशिवाय त्यांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. गॅसचे अनुदान तिकडे वळले, सुमारे १९० कोटी रुपये परत करावे लागले. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला पाच कोटींचा दंड केला. एवढे होऊनही आमच्या वस्तीत 'पैसे आले नाहीत' म्हणणारी माणसे पहिल्यांदा तहसील कचेरीतच जातात.

अलीकडे आमच्याकडे एक मजूर बाई आली. बँक मित्राने तिचा अंगठा यंत्रावर ठेवला, उमटला नाही म्हणाला, पुन्हा ठेवला. विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे तिला ते खरेच वाटले. दोन हजार मिळाले, पासबुकात मात्र दोनदा दोन हजार वजा. तिच्या बँकेने सांगितले, हा बँक मित्र आमचा नाही, दुसऱ्या बँकेचा. दुसरी बँक म्हणाली, खाते आमच्याकडे नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा आहे की तिऱ्हाइताच्या फसवणुकीची तक्रार तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी नाही, आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. बाईला पासबुक भरून मिळायलाच पंधरा दिवस लागले होते. म्हणून आम्ही दुसरा मुद्दा धरला. बँक मित्र तिऱ्हाईत नाही, तो बँकेचा प्रतिनिधी आहे. त्याचे कृत्य ते बँकेचे कृत्य, आणि बँकेच्या बाजूने कसूर असेल तर तक्रारीच्या मुदतीचा प्रश्नच येत नाही. लेखी तक्रार, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज. चार महिन्यांनी दोन हजार परत आले. हेलपाट्यांत बुडालेली मजुरी आली नाही.

आता कर्जाकडे वळू. रेल्वेच्या कामगाराला पगाराच्या दिवशी फाटकावर उभा असलेला सावकार आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिला. याच लोहमार्गावरच्या मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंची नावे घेतली होती. तो सावकार आता मोबाईलमध्ये शिरला आहे. पाच मिनिटांत कर्ज, आणि हप्ता थकला की फोनमधील सर्व नातेवाइकांना बदनामीचे संदेश. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात, व्याजासह सर्व खर्चाचा एक तक्ता आधी हातात, आणि ग्राहकाच्या संपर्क यादीला हात लावायचा नाही. नियम चांगले आहेत. पण महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियंत्रण कायदा वापरायला जावे, तर १० मे २०२२ च्या नेडुंपिल्ली फायनान्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. म्हणजे गल्लीतल्या सावकारावर जिल्ह्यातल्या निबंधकाकडे तक्रार होते, अ‍ॅपमागच्या कंपनीसाठी मुंबईकडे बघायचे. आणि ज्या अ‍ॅपमागे नोंदणीकृत कंपनीच नाही, त्याच्यासाठी पोलीस आणि १९३० हा क्रमांक.

याहून खोल प्रश्न कर्ज नाकारण्याचा आहे. तीनशे ते नऊशेच्या दरम्यान एक आकडा माणसाची पत ठरवतो. त्याच्या जोडीला आता फोनचा वापर, राहण्याचे ठिकाण, खरेदीच्या सवयी हेही यंत्र तपासू लागले आहे. यंत्र जात विचारत नाही हे खरे. पण ज्या देशात वस्ती जातीवर ठरली, त्या देशात पिनकोड विचारला की वेगळे काय विचारायचे राहिले? अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या होत्या. कुणाही एका माणसाचा अपमान न करता अख्ख्या मोहल्ल्याचे कर्ज नाकारता येत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या समितीने वित्त क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेवर अहवाल दिला, त्यात न्याय्यतेचे तत्त्व आहे. तत्त्वाला हक्काचे रूप द्यायचे असेल, तर नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण अर्जदाराला मराठीत लेखी मिळाले पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे. कारण हातात असल्याशिवाय वकील तरी न्यायालयात काय वाचून दाखवणार?

रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही पासबुके आणि मोबाईल घेऊन बसतो. पहिला प्रश्न प्रत्येकाला तोच विचारतो, की तुमचा आधार कोणत्या बँकेला जोडला आहे. मागच्या वेळी पहिल्या सात जणांपैकी चौघांना सांगता आले नाही. त्यातली एक आमची सख्खी आत्या होती.