कळफलक, कोरिया आणि सुबक चौकोन

यंत्रानं लिपीपुढे वाकायचं की लिपीनं यंत्रापुढे? माझ्या मते वाकायचं ते यंत्रानंच. पण हे म्हणायला सोपं! किती अवघड, ते कोरियन टाइपरायटरकडे पाहून कळतं.

कोरियन लिपी म्हणजे हंगुल. राजा सेजोंगनं 1446 मध्ये ती जाहीर केली. आज मूळ अक्षरं फक्त 24. इंग्रजीपेक्षाही दोन कमी, म्हणजे टाइपरायटर बनवणं डाव्या हातचा मळ, नाही का? पण ही अक्षरं रांगेत उभी राहत नाहीत, एकेका चौकोनात दाटीवाटीनं बसतात. 'हान' लिहायचं तर डावीकडे ह, उजवीकडे आ आणि दोघांच्या खाली न. खाली कुणी नसेल तर वरचे दोघे ऐसपैस पसरणार. आणि टाइपरायटरचा खिळा बिचारा एकाच मापाचा!

कोंग ब्योंग-उ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं 1949 मध्ये यावर तोडगा काढला. अक्षरांचे तीन संच : सुरुवातीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन. उजव्या हातानं सुरुवात, डाव्या हातानं शेवट. वेग झकास. पण चौकोन बिघडला. काही अक्षरं आखूड, काही खाली लोंबणारी, जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे!

1969 मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारनं मानक ठरवलं ते चार संचांचं. त्यात स्वरांचे दोन साचे : खाली व्यंजन येणार असेल तर आखूड, नसेल तर लांब. अक्षर सुबक झालं, पण पुढे काय येणार हे टंकणाऱ्यानं प्रत्येक वेळी आधीच ठरवायचं. म्हणजे यंत्राचं ओझं माणसाच्या डोक्यावर! मला हे पटत नाही. अक्षर किंचित वेडंवाकडं चालेल, वाचता आलं म्हणजे झालं.

पुढे संगणक आला आणि 1982 मध्ये दोन संचांचा कळफलक मानक झाला. व्यंजनं डावीकडे, स्वर उजवीकडे, बाकी जुळवाजुळव संगणक करतो. शिकायला सोपा, हे मान्य. पण आता तीन संचांनी टंकलं तरी चौकोन सुबकच उमटतो! डॉक्टरांच्या पद्धतीवरचा मुख्य आक्षेपच संपला. तरी तिचे चाहते आज मूठभरच. सवय, दुसरं काय?

आपलं तरी वेगळं काय? मराठी टाइपरायटरवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागे, कारण ती डावीकडे बसते. उच्चारात मात्र ती नंतर येते. टाइपरायटर गेले, पण संगणकावर रेमिंग्टन पद्धतीनं टंकणारे आजही वेलांटी आधीच देतात. सावरकरांनी तर लिपीच सुधारायला घेतली होती, 'अि', 'अु' असं लिहून.

असो. मुद्दा इतकाच की यंत्र भंगारात जातं, पण त्याच्यासाठी लावलेली बोटांची सवय पुढच्या पिढीपर्यंत उरते. म्हणून मानक ठरवताना कागदावरच्या देखण्या अक्षराआधी टंकणाऱ्या बोटांना विचारावं. तुम्हाला काय वाटतं?