कंपोस्टच्या ढिगाचा फोटो कोण काढणार?

साप्ताहिक सदर : परसदार

सोसायटीच्या सामूहिक बागेचा फोटो कसा असेल, हे आता न बघताही सांगता येतं. लालबुंद टोमॅटो, त्यावर फवारणीच्या बाटलीतून आणलेलं दव, मागे धूसर हिरवा रंग. वर्षातून एकदा अध्यक्ष कुदळ हातात घेतात, त्या कुदळीला माती लागलेली नसते. खाली चार ओळींची कविता, ‘हिरवाई’ आणि ‘नवलाई’ यांचं जुनं यमक सांभाळणारी. असल्या उत्सवाशी माझं वैर नाही. पण माती नव्यानं घडवायला निघालेल्या बागांचं खरं काम या फोटोंत दिसतच नाही.

ते काम काळपट असतं, ओलं असतं आणि फार हळू चालतं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आपल्याच शेतात प्रयोग करायला आणि एकमेकांच्या प्रयोगांवरून शिकायला लावलं. त्यांच्या विचारातून ‘अमृत माती’ची रीत पुढे आली. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस ठेवायचं. मग ते दहापट पाण्यात मिसळून त्यात पालापाचोळा भिजवायचा. त्याचे थर आणि मधे थोडी थोडी माती असा ढीग रचायचा आणि अधूनमधून उलथत राहायचा. पाला कुजला की त्यावर सहा रसांची बियाणी पेरायची, कडू मेथीपासून आंबट अंबाडीपर्यंत. उगवलेलं 21, 42 आणि 63 दिवसांनी टप्प्याटप्प्यानं कापून पुन्हा त्याच ढिगात जिरवायचं. सगळं मिळून पाचेक महिने जातात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर गच्चीत बाग फुलवली, ती याच वाटेनं.

आता सांगा, या पाच महिन्यांत फोटो काढण्यासारखं काहीच नाही? माझ्या मते सगळं यातच आहे. थंडीच्या सकाळी ढीग उलथला की वाफ निघते. पानाच्या शिरा तेवढ्या उरतात, मधलं पान खाल्लेलं असतं. पांढऱ्या बुरशीचे तंतू काडीला काडी जोडतात. कमरेइतका रचलेला ढीग बघता बघता गुडघ्याशी येतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, कठड्यावर एक खूण लागते. दर रविवारी त्याच खुणेवर मोबाइल टेकवायचा आणि एक फोटो काढायचा, चांगला दिसो न दिसो. आणि फोटोत हात असू द्या. ओला कचरा वेगळा करून देणाऱ्या ताईंचे, ढीग उलथणाऱ्या माळीदादांचे. बागेच्या फोटोत बाग करणाराच नसणं ही आपल्या सोसायट्यांची जुनी खोड आहे.

मुलांना तर कॅमेराही नको. इंग्लंडच्या अॅना अॅटकिन्स यांनी 1843 पासून समुद्रशेवाळांचे निळे ठसे घेतले. लोहाच्या क्षारांचा थर दिलेला कागद, त्यावर वनस्पती, वरून ऊन आणि शेवटी साधं पाणी. फोटो असलेलं पहिलं पुस्तक त्यांचंच मानतात. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही. उपटून ढिगात टाकायच्या तणाचे असे ठसे आधी घेऊन ठेवावेत. घोळ, आघाडा, टाकळा ही नावं तरी मुलांच्या तोंडी बसतील.

कवितेच्या बाबतीत मराठीला कुणाची उसनवारी करायची गरज नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात राबता राबता त्या गाणी रचत गेल्या. ती पुस्तकरूपानं आली त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली. काम उरकलं, हात धुतले आणि मग कविता सुचली, असा तो मामला नव्हता. भलरी तर अख्ख्या रांगेनं कापणी करता करता म्हणायची. गाण्यानं विळ्यांना ताल मिळायचा. सामूहिक बागेला याहून जवळचा काव्यप्रकार मला तरी माहीत नाही. मग वर्धापनदिनाला खुर्च्या मांडून ‘निसर्ग’ विषयावर कविसंमेलन कशाला? ढीग उलथताना दोघींनी ओवी जोडावी, तिसरीनं पुढची ओळ घालावी. बिघडली तर बिघडली, ढीग तर उलथून होईल!

हेमा रैरकर आणि गी पॉयतवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरच्या संग्रहात त्या वाचताना ओवीशेजारी गाणाऱ्या बाईचं नाव येतं, गाव येतं, कित्येकदा फोटोही येतो. बागेच्या उत्सवाला याहून चांगला नमुना शोधू नये.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेतही भरतं. गुलाब तिथे मिरवतात, मिरवू देत. माझी आयोजकांना एवढीच विनंती आहे, की एक टेबल मातीला द्या. त्यावर एका ढिगाचे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे फोटो, शेजारी कुंडीभर तयार माती हात घालून बघायला, आणि ती करताना जुळलेल्या ओव्या, रचणाऱ्यांच्या नावासकट. वाचकहो, ढीग आत्ता रचलात तर पुढच्या प्रदर्शनाला काहीतरी हातात असेल. पालापाचोळा जाळू नका, तो लागणार आहे.