पाण्याचा हिशेब गावासमोर

बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीच्या काळातली. भुयारी मार्गांनी पाणी शेतांपर्यंत नेणारी ही रचना आजही अभ्यासकांना खुणावते. त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहावी लागते?

कारण केवळ अपुरा पाऊस नव्हे. इथे जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. शेजारशेजारच्या दोन विहिरींची पातळीही सारखी नसते. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी गावाच्या कामाला येत नाही.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने बीडसह १५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यासाठी आयआयटी मुंबईने गावाचा जलताळेबंद मांडणारी संगणकीय प्रणाली विकसित केली. पाऊस, माती, उतार आणि पिके यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले, पिकांना किती कमी पडले, याचा अंदाज ती देते.

असा अंदाज प्रत्यक्ष मोजणीनेच पक्का होतो. बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या महाविद्यालयांनी इथे पुढे यावे. विहिरींची पातळी नियमित नोंदवणे हा भूगोल-भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा गुण मिळवून देणारा अभ्यास व्हावा. पिकांच्या गरजेबाबत परभणीच्या कृषी विद्यापीठाने मार्गदर्शन करावे. आणि हे आकडे अहवालात न अडकता सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे यावेत. ऊस किती लावायचा, बोअर घ्यायची की नाही, हे गावाने त्यांच्या आधारे ठरवावे. अशा प्रकल्पांचे यश यातूनच मोजले जावे.