खोपोलीला दुसरे पार्क नको

गेल्या महिन्यात भाच्याचा खोपोलीहून फोन आला. "आत्या, आपल्याकडे आणखी एक थीम पार्क येतंय म्हणतात. एजंट दोनदा घरी येऊन गेला. डोंगराकडची वरकस जमीन द्यायची का? बाबा काही बोलत नाहीत. तूच सांग."

खालापूर तालुक्यात अशी बोलणी दर दोन-तीन वर्षांनी उठतात आणि विरतात. एजंट येतो, सातबारा बघतो, चहा पितो, पुन्हा येईन म्हणून जातो. पण या वेळी भाच्याला लगेच उत्तर देता आले नाही. चार दिवस विचार केला आणि मगच बोलले. जे त्याला सांगितले तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आमच्या चार एकरांपुरता नाही.

सुरुवात दिल्लीपासून करते. लग्न होऊन १९८१ मध्ये मी इथे आले. मंडी हाउसजवळच्या एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षे नोकरी केली. कोपर्निकस मार्ग हा माझा रोजचा रस्ता. एका टोकाला मंडी हाउसचा चौक, दुसऱ्या टोकाला इंडिया गेट. मध्ये कमानी सभागृह, दूरदर्शन भवन, फरीदकोट हाउस आणि आपले जुने महाराष्ट्र सदन. गावाकडून कुणी आले की आमदारांचे पत्र घेऊन सदनात खोली मिळवायची, सकाळी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी खायची आणि मग दिल्ली बघायला निघायचे, असा तेव्हाचा रिवाज होता.

१९८६ च्या मे महिन्यात दादा-वहिनी मुलांना घेऊन आले. लाल किल्ला, कुतुबमिनार झाला, पण मुलांच्या तोंडी एकच नाव होते, अप्पू घर. १९८२ च्या एशियाडचा शुभंकर असलेल्या हत्तीच्या पिल्लाचे नाव या करमणूक उद्यानाला दिले होते. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले. तो इंदिराजींचा जन्मदिवस. त्यांची हत्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि दिल्लीत शिखांच्या घरांना लागलेल्या आगींचा वास अजून गेला नव्हता. आम्ही त्या दिवसांत घराबाहेर पडायला घाबरत होतो. त्या शहरात मुलांसाठी पाळणे सुरू झाले याचे मला आजही अप्रूप वाटते.

ऊन उतरल्यावर आम्ही सदनातून पायी निघालो. कोपर्निकस मार्गाने मंडी हाउसपर्यंत, तिथून भगवानदास रोडने सुप्रीम कोर्टाच्या अंगाने प्रगती मैदानाकडे. वीस-पंचवीस मिनिटांची चाल. रिक्षा केली नाही, गाडी तर नव्हतीच. मोठ्या पाळण्यात वहिनी बसायला तयार नव्हती, दादाने हात धरून बसवले. पाळणा वर गेला तशी तिने डोळे गच्च मिटले, आणि सर्वांत उंचावर तो क्षणभर थांबला तेव्हा तिचा धाकटा म्हणाला, "आई, कोर्टाचा घुमट बघ, आपल्या खाली आहे!" तिने डोळे उघडले. खाली उतरताना त्याची एक चप्पल निसटून पडली होती. पाळणेवाल्याने ती शोधून, पुसून आणून दिली. वहिनी पुढे कितीतरी वर्षे ती गोष्ट सांगायची. ज्याची चप्पल पडली तोच हा भाचा, ज्याचा गेल्या महिन्यात फोन आला.

अप्पू घर फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झाले. जागा सुप्रीम कोर्टाच्या विस्तारासाठी हवी होती. जुलै २०१९ मध्ये तिथे कोर्टाच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले. कोर्टाला जागेची गरज होती, हे मी नाकारत नाही. पण दिल्लीच्या मध्यावर, जिथे करोलबागेचा, सीलमपूरचा, ओखल्याचा पोरगा बसने येऊ शकत होता, ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात तशी दुसरी कुणी दिली नाही. पार्क पुढे शहराच्या कडेला गेले, मॉलच्या पाठीशी गेले, गाडी असणाऱ्यांकडे गेले.

आमच्याकडे तेच खोपोलीत झाले. मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उघडले, म्हणून मला वर्ष पक्के आठवते. मी इमॅजिकाला नावे ठेवणार नाही. तिथल्या राजासॉरस या होडीच्या सफरीला आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या डायनोसॉरचे नाव आहे. त्या होडीत बसलेली मुले ते नाव घरी घेऊन जातात, हे मला फार आवडले. आमच्या वाडीतल्या तीन मुली तिथे नोकरीला लागल्या, एक तिकीट खिडकीवर, दोघी हॉटेलात. रोजगार खरा आहे. शाळांच्या सहली येतात, तो आनंदही खरा आहे.

पण हिशोबही बघायला हवा. पार्कवर सोळाशे कोटींच्या घरात खर्च झाला. मग वॉटर पार्क आले, हॉटेल आले, २०१६ मध्ये स्नो पार्क आले. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अपेक्षेइतकी माणसे आली नाहीत, कर्ज हजार कोटींच्या वर गेले, २०२० मध्ये कोविडने फाटकच बंद केले आणि अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनी घेतली. घाटाच्या खाली, एक्स्प्रेस वेच्या जवळ, एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला पुणे. याहून चांगली जागा महाराष्ट्रात सापडणार नाही. तरीही पहिल्याच पार्कला दहा वर्षे श्वास घेता आला नाही. मग दुसरे कशाच्या बळावर?

मुंबईचे एस्सेलवर्ल्ड आठवा. १९८९ मध्ये गोराईला सुरू झाले. बोटीने खाडी ओलांडून जायचे, हीच मुलांची पहिली मजा. शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. आज पाण्याचे पार्क चालू आहे आणि मूळचे पाळणे थांबले आहेत. दोन पार्क शेजारी उभे केले म्हणून माणसे दुप्पट येत नाहीत. आलेलीच माणसे दोहोंत वाटली जातात.

हा धंदा ज्यांनी जगाला शिकवला त्या डिस्नेवाल्यांकडे पाहा. फ्लोरिडात त्यांनी सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेतली, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मुंबई बेटाच्या दीडपटीहून जास्त. तिथे चार पार्क झाले. पहिले १९७१ मध्ये, चौथे १९९८ मध्ये. पाचवे अजून नाही. जमीन आहे, पैसा आहे, गिऱ्हाईक आहे, तरी पंचवीसहून अधिक वर्षे ते असलेल्या पार्कांतच भर घालत आले आहेत. शेजारी युनिव्हर्सलने मे २०२५ मध्ये नवे मोठे पार्क उघडले तेव्हाही त्यांनी लगेच पाचव्याची घोषणा केली नाही. आणि पॅरिसजवळ त्यांनी केलेली चूक तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९९२ मध्ये पहिले पार्क उघडले, ते आर्थिक अडचणीत आले, आणि तरी २००२ मध्ये शेजारी दुसरे उभे केले. ते इतके तोकडे होते की लोक निराश होऊन परत जायचे. ते सुधारायला पुढे दोन अब्ज युरोंची योजना आखावी लागली. घाईने बांधलेले दुसरे पार्क किती महाग पडते याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

पैशाचे नुकसान कंपनी सोसेल, कर्ज बँका माफ करतील. डोंगराचे काय? माझे माहेर खालापूर तालुक्यात आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली. शेवटी शोध थांबवावा लागला. त्या दरडीशी कुठल्याही पार्कचा संबंध नाही, हे मी स्पष्ट लिहिते. पण तो डोंगर आमचा आहे, ती माती आमची आहे, आणि तिचा किती भरवसा धरायचा हे आम्ही त्या रात्री शिकलो. पावसाळ्यात चार महिने धो धो कोसळणारे पाणी मार्चनंतर वाड्यांवर राहत नाही. वहिनी अजून एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघते. अशा ठिकाणी उतार कापून वाहनतळ करायचे, लाखो लिटर पाणी तळ्यांत फिरवायचे, हे ठरवताना तिला कुणी विचारणार आहे का?

नाही विचारणार. आणि हेच मला सर्वांत जास्त लागते. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत अशी उद्याने बांधकाम आणि क्षेत्रविकास प्रकल्पांत मोडतात, आणि त्या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे. खाण काढायची तर गावकऱ्यांसमोर मांडव घालून ऐकून घ्यावे लागते, शंभर-सव्वाशे एकरांवर पाळणे उभारायचे तर लागत नाही. मंजुरी मिळाल्यावर ज्याला आक्षेप आहे त्याने हरित न्यायाधिकरणात जायचे. मुदत तीस दिवस, सबळ कारण दिले तर आणखी साठ.

त्या न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ कोपर्निकस मार्गावरच फरीदकोट हाउसमध्ये आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी फाटकाशी थांबलेली माणसे रोज बघत असे. वकिलांच्या गाड्या आत जातात. फुटपाथवर गावाकडची माणसे उभी असतात, कापडी पिशवीत कागद, वर पावसाचे पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिक. एकदा एका म्हाताऱ्याने मला विचारले, "बहनजी, तीस दिन कब से गिनते हैं?" मला उत्तर देता आले नाही. आत जाऊन एका कारकुनाला विचारून आले आणि त्याला सांगितले. त्याचे दिवस संपले होते. आपल्याकडचे पीठ पुण्यात आहे, खोपोलीहून लोकलने कर्जत आणि तिथून गाडी धरली की पोचता येते. पण मंजुरी निघाली हे वाडीवर कळायलाच तीस दिवस जातात.

पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये. त्यानंतर मसुद्यामागून मसुदा. वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, सहावा मसुदा निघाला. कुठे काय बांधायचे नाही हे ठरवायला सरकारला दशकही पुरले नाही, आणि एजंट मात्र चहा पिऊन आठवड्यात परत येतो.

मुलांना खेळायला जागा नको असे माझे म्हणणे अजिबात नाही. उलट मुलांसाठीच मी भांडते आहे. इमॅजिकापासून माझ्या भाच्याचे घर आठ-नऊ किलोमीटरवर आहे. बारा वर्षांत त्याची मुले तिथे एकदा गेली, शाळेच्या सहलीबरोबर. माणशी हजाराच्या वर तिकीट, त्यात चौघांचे जेवण. शेतावर आणि एका टेम्पोवर चालणाऱ्या घराला हे दर वर्षी झेपत नाही. शेजारी दुसरे पार्क आले म्हणून त्याला झेपणार आहे का? पुण्यात पेशवे पार्कची फुलराणी १९५६ पासून धावते आहे. आजोबांनी जिच्यात बसून शिट्टी ऐकली तिच्यात नातू बसतो, आणि त्यासाठी कुणाला सुट्टी काढावी लागत नाही. निगडीला दुर्गा टेकडीच्या पायथ्याशी अप्पू घर आहे. दिल्लीचे गेले, त्याच नावाचे आपल्याकडचे टिकले आहे. तिथेही बसने जाता येते. पाळणे मोठे नसले तरी चालेल, पण संध्याकाळी कामावरून आलेल्या बापाला पोराला घेऊन जाता आले पाहिजे. ठाणे, कल्याण, पनवेल, पिंपरी, नाशिक, इथल्या पडीक गिरणी-कारखान्यांच्या जमिनींवर अशी लहान उद्याने महानगरपालिकांनी करावीत. दिल्लीत भंगारातून जगातली सात आश्चर्ये उभी करणारे उद्यान महापालिकेने २०१९ मध्ये सराय काले खाँजवळ केले. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

इमॅजिकाच्या नव्या मालकांना माझे सांगणे एवढेच आहे की आहे ते पार्क भरा. खालापूर, कर्जत, सुधागडच्या मुलांना वर्षातून चार दिवस निम्म्या दरात येऊ द्या. पावसाळ्यातल्या रिकाम्या वारी आदिवासी आश्रमशाळा बोलवा. एकदा आलेले मूल परत आले तर पार्क जगते, आणि तेच मूल वीस वर्षांनी आपली मुले घेऊन येते. आम्ही अप्पू घरात सहा वेळा गेलो, कारण जाणे शक्य होते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडेही मागणे आहे. पन्नास एकरांवरच्या प्रत्येक करमणूक उद्यानाला जनसुनावणी बंधनकारक करा, आणि ती मराठीत, त्याच गावात, शेतीची कामे नसतील अशा दिवसांत घ्या.

भाच्याला मी सांगितले, जमीन देऊ नकोस. आणि नुसते घरात बसून नाही म्हणू नकोस. १ मेला ग्रामसभा आहे. आजूबाजूच्या चार वाड्यांना घेऊन जा आणि डोंगरउतारावर पार्क नको, असा ठराव लेखी मांड. सूचक म्हणून तुझे नाव घाल आणि अनुमोदनाला वहिनीला उभी कर. तालुक्यातल्या ज्या ज्या गावात एजंट फिरतो आहे, तिथल्या सरपंचांनीही त्या दिवशी हे करावे. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मला पाठवा. कोपर्निकस मार्ग माझ्या पायाखालचा आहे, गरज पडली तर फरीदकोट हाउसच्या फाटकाशी ती घेऊन मी उभी राहीन, आणि तीस दिवस कधीपासून मोजायचे हे आता मला माहीत आहे.