मेहरौलीचा पंखा आणि मान्यवरांचे खांदे

प्रति,
सर्व राष्ट्रीय पक्षांचे मा. अध्यक्ष,
नवी दिल्ली

विषय: 18 जानेवारी 1948 चे प्रतिज्ञापत्र

18 जानेवारी 1948 रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात शंभरावर माणसे जमली. त्यांत काँग्रेसचे होते, हिंदू महासभेचे होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे होते, जमियत-उल-उलेमाचे आणि शिखांचे प्रतिनिधी होते. पाकिस्तानचे उच्चायुक्त झाहिद हुसेनही होते. खाटेवर 78 वर्षांचे गांधीजी. शांततेसाठीचा उपवास 13 तारखेला सुरू झालेला. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने तयार झालेल्या प्रतिज्ञापत्रात भावनेपेक्षा पत्ते जास्त होते. सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंज इथे मुसलमानांना पूर्वीसारखे फिरता येईल, बळकावलेल्या मशिदी परत मिळतील आणि मेहरौलीला ख्वाजा कुत्बुद्दीन बख्तियार काकींचा उरूस दरवर्षीसारखा भरेल, असा तो मजकूर होता. निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना झाल्या, मौलाना आझादांनी रसाचा पेला पुढे केला आणि उपवास सुटला.

ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच दिवशी महासभेच्या एका पदाधिकाऱ्याने या प्रतिज्ञेतून अंग काढून घेतले. 20 तारखेला बिर्ला भवनात बाँब फुटला आणि 30 तारखेला पुण्याहून आलेल्या माणसाने गांधीजींवर गोळ्या झाडल्या. मराठी वाचकाला हा तपशील गिळून टाकता येत नाही. पण 27 जानेवारीला उरूस भरला. गांधीजी स्वतः मेहरौलीला गेले आणि दर्ग्यातल्या फुटलेल्या संगमरवरी जाळ्या पाहून कळवळले. कागदावरचे एक कलम तरी नऊ दिवसांत पाळले गेले होते.

मेहरौलीचे नाव त्या कागदात असावे, याला जुना संदर्भ आहे. 1812 च्या सुमारास बादशहा अकबरशहा दुसरा याचा मुलगा मिर्झा जहांगीर याने इंग्रज रेसिडेंटवर गोळी झाडली. त्याची रवानगी अलाहाबादला झाली. मुलगा परत आला तर काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा नवस आईने केला. मुलगा आला. चादर दर्ग्यावर चढली आणि जवळच्या योगमाया देवीच्या मंदिरातही फुले गेली. त्यातूनच ‘फूलवालों की सैर’ सुरू झाली. बांबूच्या उंच काठीवर फुलांनी आणि चमकीने मढवलेला पंखा, पुढे सनई, मागे बाजार. दर्ग्याच्या फुलांना हिंदूंचे हात लागतात, देवीच्या पंख्याला मुसलमानांचे. इंग्रजांनी 1942 मध्ये ही जत्रा बंद पाडली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंनी ती पुन्हा सुरू करवली. राष्ट्रपतींचा पंखा येतो, पंतप्रधानांचा येतो, राज्य सरकारांचे येतात. पंखे येतात, ते वाहून नेणारे खांदे मात्र बहुतेक वेळा मान्यवरांचे नसतात. 2025 च्या नोव्हेंबरात तर जत्राच परवानगीच्या कागदात अडकली आणि ठरल्या दिवशी भरली नाही. मान्यवरांपैकी किती जणांच्या हे ध्यानात आले, हा वेगळा प्रश्न.

खरी तक्रार मात्र 2020 ची आहे. 8 फेब्रुवारीला दिल्लीत 70 जागांसाठी मतदान झाले. 11 तारखेला निकाल लागला: आम आदमी पक्ष 62, भाजप 8, काँग्रेस 0. बारा दिवसांनी, 23 तारखेला, ईशान्य दिल्ली पेटली. 53 माणसे मेली. शेकडो जखमी झाले. मग मान्यवरांनी शांततेसाठी काय केले? 25 तारखेला आम आदमी पक्षाचे नेते राजघाटावर जाऊन प्रार्थनेला बसले. 26 तारखेला काँग्रेसचा मोर्चा गांधी स्मृतीकडे, म्हणजे त्याच जुन्या बिर्ला भवनाकडे निघाला आणि पोलिसांनी तो वाटेतच अडवला. 29 तारखेला जंतरमंतरवर आणखी एक शांतियात्रा झाली, तिच्यात भाजपचे नेते होते. पाच दिवसांत 3 पक्ष, 3 जागा, 3 शांतता. त्यांपैकी दोघांना गांधीच हवे होते, पण तेही वेगवेगळ्या पत्त्यांवरचे. 1948 मध्ये सहा दिवसांत एका खाटेभोवती जमलेल्या विरोधकांना जे साधले, ते 53 मृत्यूंनंतर कोणालाच साधले नाही.

28 मे 2023 रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी सर्वधर्म प्रार्थना होती. तिला देवांचे सगळे प्रतिनिधी हजर, जनतेचे बरेच गैरहजर. 19 विरोधी पक्षांनी संयुक्त पत्रक काढून बहिष्कार जाहीर केला होता. राष्ट्रपतींना डावलल्याचा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता, पण प्रार्थनेची वेळही दोन्ही बाजूंनी वादातच घालवली. हा दुरावा पत्त्यांपर्यंतही पोचतो. भाजपचे मुख्यालय दीनदयाळ उपाध्याय मार्गावर आहे. काँग्रेसचे नवे इंदिरा भवन तिथून जवळच आहे, पण कागदोपत्री पत्ता कोटला मार्गाचा. दीनदयाळांचे नाव पत्त्यात नको म्हणून दार दुसऱ्या बाजूला काढले, असे दिल्लीत सांगतात. रस्त्याचे नाव वाटून घेणे ज्यांना जड जाते, त्यांच्याकडून यापुढची मागणी फार मोठी वाटेल.

महाराष्ट्रात आषाढी एकादशीला पंढरपूरची शासकीय महापूजा त्या वर्षीचा मुख्यमंत्री करतो, मग पक्ष कोणताही असो. शेजारी दर्शनाच्या रांगेतून निवडलेले एक वारकरी जोडपे उभे असते. त्यांनी मत कोणाला दिले, हे विठ्ठल विचारत नाही आणि पोलिसही विचारत नाहीत. या प्रथेने महाराष्ट्रातील भांडणे मिटलेली नाहीत. पूजेपुरती ती बाजूला राहतात इतकेच. दिल्लीला तेवढीही सवय उरलेली नाही. इथे इफ्तार पक्षाची, छठचा घाट पक्षाचा आणि गणपतीच्या मांडवावरचा फलकही पक्षाचा.

मागणी एकच आहे. पुढच्या ‘फूलवालों की सैर’ला सर्व राष्ट्रीय पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून एकच पंखा पाठवावा आणि तो स्वतः वाहून न्यावा. पंख्यावर पक्षाचे चिन्ह नसावे, वाटेत भाषण नसावे, दर्ग्यात डोके झाकावे आणि मंदिरात चपला बाहेर ठेवाव्यात. दर्ग्यापासून योगमायेपर्यंत जुन्या मेहरौलीतून पायी जाण्याजोगी वाट आहे. गल्ल्या अरुंद आहेत. गाड्यांचा ताफा आत जात नाही.