कंटेनरमधलं घर

घर बांधायचं म्हटलं की खर्चाचा आकडा आधी डोळ्यांपुढे येतो. म्हणूनच जुन्या मालवाहू कंटेनरमधून उभं राहणारं कमी खर्चाचं घर हा विषय आम्ही या अंकासाठी निवडला. न्हावा शेवा बंदरामुळे उरण-पनवेलकडच्या वाचकांना कंटेनरच्या थप्प्या नव्या नाहीत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर कंटेनरच्या सुमारे १००० घरांची ‘केटवोनेन’ ही विद्यार्थी वसाहत उभी राहिली होती. प्रत्येक खोलीला स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर.

पण घाई नको.

४० फुटी कंटेनरमध्ये जेमतेम ३०० चौरस फूट जागा मिळते. वरचा भार कोपऱ्यांचे चार खांब पेलतात, सांगाडा ताठ ठेवतात त्या पन्हळी भिंती. खिडकीसाठी पत्रा कापला की कडेनं लोखंडी चौकट वेल्ड करावीच लागते. उन्हात पत्रा तापतो, तेव्हा उष्णतारोधक थर हवाच. जुन्या लाकडी तळाला कीटकनाशक लावलेलं असू शकतं, तेही तपासायला हवं.

क्रेन, पाया, वायरिंग, नळजोडणी आणि बांधकाम परवानगी धरून खरा हिशेब काय होतो, याचा शोध या अंकातल्या लेखांनी घेतला आहे. तुम्ही असं घर बांधलं असेल किंवा त्यात राहिला असाल, तर खर्चाच्या तपशिलासह आम्हाला जरूर लिहा.