चिनी शिकताना मराठी आडवी आली नाही

आमच्या सीमाभागातील मराठी शाळेतून दहावी झालेली एक मुलगी गेले वर्षभर मोबाईलवर चिनी भाषा शिकत आहे. शिकवणाऱ्या बाई चीनमध्ये असतात. आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे नऊ झालेले असतात. घरात रेंज मिळत नाही, म्हणून ही वही घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसते. ‘चिनी शिकून गोबी मंचुरियनचा गाडा घालणार काय?’ असे विचारणारेही गावात आहेत.

परवा तिने ती वही आम्हास दाखविली. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत चीनने १९५८ साली स्वीकारली आणि जगभरचे विद्यार्थी त्यावरूनच शिकतात. पण तिथे ‘बी’ अक्षराचा उच्चार ‘ब’ नसून ‘प’च्या जवळचा आहे, ‘डी’चा ‘त’च्या आणि ‘जी’चा ‘क’च्या जवळचा. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ हा फरक इंग्रजी कानाला चटकन कळत नाही. आपल्या मुलांना तो बालवाडीतल्या बाराखडीपासून ठाऊक असतो. या मुलीने सारे पाठ देवनागरीत उतरविले आहेत. आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते तिच्या वहीत ‘पेइचिंग’ आहे.

नात्यांचेही तसेच. इंग्रजीत काका, मामा सगळेच अंकल. चिनी भाषेत मामा वेगळा, काका वेगळा, आणि काकांतही वडिलांचा थोरला भाऊ ‘पोपो’ तर धाकटा ‘शूशू’. ‘सर, हे मला पाठ करावंच लागलं नाही, आपल्याकडं थोरले काका, धाकटे काका हाईतच की,’ असे ती म्हणाली.

मराठी सगळीकडे कामी येते असे मात्र नाही. ‘मा’ हा उच्चार उंच, सपाट सुरात केला तर आई आणि खाली नेऊन वर आणला तर घोडा. हे सूर तिला अजून चकवतात. हजारो चित्राक्षरे गिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. खरी अडचण मात्र निराळीच निघाली. चिनी पाठ समजावून सांगितला जातो तो इंग्रजीतून. त्यामुळे पहिले दोन महिने पोरीची निम्मी शक्ती इंग्रजी उलगडण्यातच गेली. पाठ मराठीतून समजावला असता तर?

मराठी शाळेत घातले तर पोर गावाबाहेर पडणार नाही, असे म्हणून पटावरची नावे काढून नेणाऱ्या पालकांना आम्ही विचारतो, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी कुठे येत होती? तिथे ते ती शिकले, तिच्यातूनच रुग्ण तपासू लागले आणि १९४२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आणखी एक गोष्ट या मुलीकडून कळली. सरकारी चिनी वेगळी, दक्षिणेकडील ग्वांगचौ शहरातील लोकांची कँटोनी बोली वेगळी. २०१० साली तेथील दूरदर्शनवर सरकारी भाषेतील कार्यक्रम वाढविण्याचा प्रस्ताव येताच लोक रस्त्यावर उतरले. हे ऐकताना समितीच्या बैठकीतील आमची जुनी माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

येत्या रविवारी आम्ही तिला शाळेत बोलाविले आहे. आठवी-नववीच्या मुलांना ती तासभर चिनी शिकवील. फळ्यावर रोमन लिहायचे नाही, एवढी एकच अट आम्ही घातली आहे.